हिराजीदादांचं सुतक

आमच्या कंपनीत साधारण दर पंधरवड्याला एक माणूस सुतक धरायचा. त्या दिवशी तो डबा आणायचा, पण उघडायचा नाही. कुणाला शिवायचा नाही. कुणी पेढे वाटत आलं तर हात मागे घेऊन "आमच्याकडं आज गोड नाय" म्हणायचा आणि दुपारी सगळे कँटीनमध्ये वरणभात ओरपत असताना पंपघराच्या मागे उलट्या बादलीवर एकटा बसून राहायचा. नव्याने लागलेल्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याच्या घरी कुणी गेलं असणार. तो जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारायचा, "दादा, कोण गेलं?"

"दोन नंबरची टाकी," हिराजीदादा सांगायचे.

घाबरू नका. सुतक जंतूंचं असायचं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही लगेच हळहळायला लागाल आणि मला गोष्ट रंगवता यायची नाही. शास्त्रात सुतकात उपास करायला सांगितलेलं नाही, हेही मी त्यांना दोनदा समजावलं होतं. "ते त्यांचं सुतक. हे माझं हाय," एवढं बोलून ते बादलीवर बसले होते.

कंपनी खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या पुढे हायवेला चिकटून होती. नाव सांगत नाही. आता दारावर पाटीही उरलेली नाही. बनवायचो ते बिबळ्याचं सत्त्व. बिबळा हे आमच्या डोंगरांतलं झाड. त्याच्या लाकडाच्या पेल्यात पाणी भरून ठेवलं की सकाळपर्यंत ते तांबूस होतं आणि उजेडात धरलं तर कडेला निळी झाक मारतं. साखरेचा त्रास असलेली माणसं ते पितात. त्या लाकडात एक अँटिऑक्सिडंट असतं, पेशी गंजू नयेत म्हणून गोळ्यांत घालतात त्यातलं. ते काढायचं तर झाडं पाडावी लागतात. आम्ही झाडाला हात न लावता ते जिवाणूंकडून करून घ्यायचो. कसं, ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगायचं काम खरं तर पुण्याहून आलेल्या रसिका मॅडमचं. तिनेच ते जिवाणू तयार केले होते. पण तिचं भाषण अर्ध्यावर आलं की पाहुण्यांच्या जांभया सुरू व्हायच्या आणि मग टाकीशेजारी उभे असलेले हिराजीदादा पुढे सरकायचे.

"सोपं हाय. बिबळ्याला विचारलं, बाबा, तू हे करतोस कसा? त्यानं सांगितलं. या मॅडमनी ते चिठ्ठीवर लिवून घेतलं अन् ती चिठ्ठी या जंतूंच्या पोटात घातली. आता यांना वाटतं आपण झाड हाव." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणायचे, "वाटू द्या. कुणी बोलू नका त्यांना."

पाहुणे त्या टाकीवरून खरोखर गप्प चालत जायचे. मी पाहिलंय.

मी तिथे गुणवत्ता प्रयोगशाळेत होते. पन्नाशीला टेकलेली, जिभेवर ताबा नसलेली आणि लोकांच्या नकला करण्यात कंपनीचा बराच वेळ घालवणारी. हिराजीदादांची नक्कल हा माझा हुकमी प्रयोग. टाकीवर उलटा हात ठेवायचा, मान वाकडी करायची आणि म्हणायचं, "आज जरा कणकण हाय रं यांना." कँटीन लोळायचं.

तसे ते बोलायचेच. त्यांचं, म्हणजे भोईरांचं, घर दहिवलीचं, घरात पूर्वी म्हशी होत्या. म्हशी विकल्या त्याच वर्षी ते कंपनीत लागले. पेंडीची पोती उचलायची सवय मोडायला नको म्हणून ग्लुकोजची उचलतो, असं ते सांगायचे. त्यांच्या लेखी टाकी म्हणजे गोठा, ग्लुकोज म्हणजे पेंड. टाकीत फेस चढला की "दमली गुरं, जरा वारा वाढवा". मला ते बाय म्हणायचे, बहिणीला म्हणतात तसं, आणि रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारातून विचारायचे, "बाय, काल माझी गुरं किती झाली?"

एकदा त्यांनी टाकीला हात लावला आणि म्हणाले, "ताप हाय."

यंत्रं बघणारा इंजिनियर हसला. "दादा, संगणक सदतीस अंश दाखवतोय. बरोब्बर पाहिजे तेवढं."

"त्याला कोण पुसतंय? तो कवा शिवलाय का टाकीला?"

संध्याकाळी तपासलं तर टाकीतलं तापमापक दोन अंशांनी खोटं बोलत होतं. हिराजीदादांनी ते काढून टेबलावर ठेवलं आणि शिफ्ट संपेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसले.

सुतकाच्या दिवशी अर्धी रजा मिळावी म्हणून त्यांनी एकदा अर्जही केला. कारण: घरातले गेले. मयताशी नातं: राखणारा. किती गेले, असा काही रकाना त्या अर्जात नव्हता, पण अर्धवट माहिती त्यांना आवडायची नाही. ते माझ्याकडे आले. मी शेवटची मोजणी काढून दिली: एक आणि त्याच्यापुढे शून्यं. ती त्यांनी एकेक करून लिहिली. ती ओळ ओलांडून खाली सहीच्या जागेवर गेली, तिथून अर्जाच्या पाठीमागे वळली. ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाले, "हिराजी, तू बादलीवर बस. पण कागद नको."

आता त्या मरणाविषयी. हे जिवाणू माणसाने बदललेले, म्हणून नियम कडक. माल काढून घेतला की उरलेल्यांतला एकही जिवंत नाल्यात जाता कामा नये. सगळे वेगळ्या टाकीत घ्यायचे आणि तिच्यात वाफ सोडायची. एकशे एकवीस अंश. वाफेचा कॉक केबिनमधून बटण दाबूनही उघडायचा, पण हिराजीदादा बटणाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "घरची माणसं बाहेरच्या हातानं जाऊ नयेत," म्हणायचे. साप्ताहिक सुट्टी असली तरी दहिवलीहून यायचे, हेल्मेट काढायचे, टाकीला खेटून उभे राहायचे आणि हाताने चाक फिरवायचे. वाफ सुटायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. काय बोलतात यावर कँटीनमध्ये पैजा लागायच्या. कुणी म्हणायचं मंत्र, कुणी म्हणायचं साहेबांना शिव्या. खरं काय ते काढायला मी एकदा पाइपांच्या मागे लपून बसले. वाफेच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. त्यांना मात्र मी दिसले.

"बाय, ओढणी आवर. पंपात जाईल."

मग परदेशातलं मोठं गिऱ्हाईक तुटलं. थोडे दिवस सगळे एकमेकांना धीर देत होते आणि एका सकाळी नोटीस लागली. बिबळा बंद. माणसं पांगायला लागली. कुणी शेलूला नवीन इमारतींवर सुपरवायझर झालं, कुणी गावी गेलं. हिराजीदादांचे निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांना कंपनीच्या गोदामात बसायला सांगितलं. गोदाम रिकामं होतं. "काय राखायचंय?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "गोदाम."

शेवटची टाकी शुक्रवारी जायची होती. आणि नियमाप्रमाणे तिच्याबरोबर मूळ बियाणंही. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये त्या जिवाणूंच्या चाळीस कुप्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या मोजायच्या, यंत्रात वाफेने मारायच्या आणि रजिस्टरवर दोन सह्या करायच्या, एक माझी, एक रसिकाची. फ्रीजरची किल्ली माझ्याकडे.

गुरुवारी सकाळी मी डबा काढून सहज मोजल्या. एकोणचाळीस. परत मोजल्या. एक खाच रिकामी होती.

रसिका दारातच उभी होती. "ताई, चाळीस ना?"

"बर्फ फार आहे गं डब्यावर. उद्या नीट मोजून सही करते," मी म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण त्या सगळ्या हसवण्यासाठी. हिला हसायला कुणी नव्हतं.

काल किल्ली मी हिराजीदादांना दिली होती. फ्रीजरच्या दारावरचा बर्फ दर महिन्याला तेच खरवडून काढायचे. आणि आज ते रजेवर होते.

ती एक कुपी म्हणजे काय, ते मला कळत होतं. उघड्यावर ते जंतू फार टिकले नसते, पण कायदा त्यांच्या तब्येतीची चौकशी करत नाही. जिवंत कुपी बाहेर गेली म्हणजे वरच्या समितीला कळवायचं, चौकशी, पोलीस. इतकी वर्षं एक डाग न लागता नोकरी केलेला माणूस शेवटच्या चार महिन्यांत चोर ठरणार होता. संध्याकाळच्या आत ती कुपी परत यायला हवी होती. मी डोकं दुखण्याचं निमित्त केलं आणि स्कूटर काढली.

राब भाजायचे दिवस होते. चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागले तर दोन्ही बाजूंना भाताच्या रोपांसाठीचे वाफे धुमसत होते. पालापाचोळा, शेण, वर माती. सगळा प्रदेश धुरकट. डोंगर पुसून टाकल्यासारखे, आणि सूर्य एखाद्या जुन्या भांड्याच्या बुडासारखा. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराने, असं मी स्वतःला सांगत होते.

दहिवलीला त्यांच्या घराचं दार उघडं होतं. दोन खोल्या. आतल्या खोलीत गॅसच्या शेगडीसमोर हिराजीदादा उभे होते. डोळ्यांवर कंपनीचा जाड चष्मा, कोपरापर्यंत कंपनीचे केशरी हातमोजे, हातात मनगटी घड्याळ. शेगडीवर कुकर.

"बस बाय. अजून नऊ मिनटं हायेत."

"दादा, कुपी कुठाय?"

त्यांनी मोज्याचं बोट कुकरकडे केलं.

"कुकरमध्ये?"

"एकशे एकवीस, वीस मिनटं. शिट्टी झाल्यावर मोजायची. तूच शिकवलंयस."

मी खाली बसले. "आणलीत कशी?"

"एकात एक तीन डबे, मधी बर्फ. तुमच्याच कागदावर लिवलंय तसं. बसमधी मांडीवर ठेवला व्हता. शेजारच्यानं विचारलं काय हाय, म्हटलं मासळी."

मग मात्र माझा तोल गेला. मी नाही नाही ते बोलले. रसिकाला काय तोंड दाखवू, म्हणाले. मला तुरुंगात बसवायचं होतं का, म्हणाले.

"तुला कोण ठेवतंय तिथं. तू हवालदाराची नक्कल करशील, तो हसंल, सोडून देईल." ते कुकरकडेच बघत होते. "माझी चांगली करतीस. मान तेवढी डाव्या अंगाला पायजे. तू उजवीकडं घेतीस."

मला वाटत होतं त्यांना माहीत नाही.

मी खोली बघायला लागले. खिडकीत एक लाकडी पेला होता, बिबळ्याचा, पाण्याने भरलेला. पाणी साधंच दिसत होतं, नळाचं दिसतं तसं.

"तिचा," ते म्हणाले. "जांभिवलीच्या बाजूच्या एका ठाकरानं करून दिला व्हता. तिला साखर व्हती. कंपनीत पयली टाकी निघाली तवा हसली व्हती. म्हणली, तुमची गुरं माझ्या पेल्यातलं दूध देतात व्हय? आता रंग उतरत नाय त्याला. लाकूड दमलं. पर भरून ठेवायची सवय हाय."

बायको गेलेली आहे एवढंच मला ठाऊक होतं. ती साथीच्या वर्षात गेली, मी कंपनीत लागायच्या आधी. पुढे मी कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखे विनोदी विषय त्यांच्याकडे भरपूर होते.

कुकर फुसफुसत होता. ते घड्याळावरची नजर न काढता बोलत राहिले.

"त्या साली आमाला आतच ठेवलं व्हतं. गेट बंद. पंधरा दिवस आत, मंग घरी. ही हितं एकटी. ताप आला तर शेजाऱ्यांनी नेली पनवेलकडं. फोन आला तवा टाकी भरात व्हती. मला सोडलं असतं त्यांनी, नाय असं नाय. पर तिकडं जाऊन करू काय, दवाखान्यात कुणाला आत घेत नव्हते. दुसऱ्या दिवशी परत फोन. त्यांनी परस्परच केलं, त्यांच्या माणसांनी. कुणाच्या हातानं गेली, नाव बी ठाव नाय मला."

त्यांनी गॅस जरा बारीक केला.

"त्याच दुपारी वाफ सोडायची व्हती. म्हटलं, ही गुरं तरी माझ्या हातानं जाऊ देत. टोपी काढली अन् सोडली."

"आणि सुतक?"

"आत कुणाला सांगून धरणार? सगळेच घाबरलेले. बाहेर आलो तर तिचे दिवस संपून गेले व्हते. म्हटलं, एकेक करून धरू. धा कवाच झाले." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मंग सवय लागली."

"वाफ सोडताना काय म्हणता, दादा?"

"काय म्हणणार. मी हाय हितं, म्हणतो."

एवढं एक वाक्य ऐकायला मी पाइपांच्या मागे लपले होते.

"उद्या त्या समद्या तू यंत्रात घालशील," ते म्हणाले. "बरोबर हाय, काम हाय ते. पर एक तरी घरनं जाऊ दे म्हटलं. हिला काढता आली नाय घरनं."

वीस मिनिटं झाली. त्यांनी गॅस बंद केला. मी झाकणाकडे हात नेला तर म्हणाले, "आता शिवू नको. आपसूक निवू दे." आम्ही दोघं बसून राहिलो, कुकर गार होईपर्यंत. बाहेर कुणीतरी राबावर माती टाकत होतं, फावड्याचा आवाज येत होता. हिराजीदादांनी कुकर उघडला, चिमट्याने कुपी काढली. तिला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला होता. ती पट्टी त्यांनी गेल्या आठवड्यात माझ्याकडून मागून नेली होती. मला वाटलं, डब्याचं झाकण सैल झालं असेल. पुरेशी वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. उमटल्या होत्या.

"बघ. गेली." त्यांनी कुपी पंच्याने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती. "मोजणीत घे. कमी पडाया नको."

शुक्रवारी चाळीस भरल्या. ती एक मी तिच्या खाचेत ठेवली आणि सगळ्या यंत्रात घातल्या. रसिकाने मोजल्या, सही केली. रजिस्टरवर मी लिहिलं, "सर्व नष्ट केल्या." त्या वाक्यात खोटं काही नाही. मी ते पुष्कळदा तपासून पाहिलंय.

शेवटच्या टाकीपाशी मी या वेळी लपले नाही. रसिकाही आली, एका बाजूला उभी राहिली. हिराजीदादांनी हेल्मेट काढलं. ओठ हलले. चाक फिरलं आणि वाफेत आम्ही तिघंही थोडा वेळ एकमेकांना दिसेनासे झालो.

दुपारी सवयीने माझी नजर पंपघराच्या मागे गेली. बादली होती, वर कुणी नव्हतं. हिराजीदादा कँटीनमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते आणि डबा उघडत होते. तांदळाची भाकरी, सुकट. उरलेली आठदहा माणसं चमचे थांबवून बघत होती.

"दादा, आज?" मी विचारलं.

"घरचं काल झालं." त्यांनी भाकरी मोडली, अर्धी झाकणावर ठेवून माझ्याकडे सरकवली. "जेव बाय. आन् नक्कल करायची तर आज कर. उद्या कोण बघणार हाय?"

बाकीच्यांनी आग्रह धरला. शेवटचा दिवस, एकदा होऊन जाऊ दे. मी उठले. टाकी समजून कँटीनच्या खांबावर उलटा हात ठेवला आणि मान या वेळी डाव्या अंगाला वाकवली. पुढचं वाक्य काही केल्या येईना. हिराजीदादा घास तोंडात धरून, मान तशीच डावीकडे घेऊन, वाट बघत राहिले.